महापौराची खुर्ची आणि आपले मत



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, विणकामाचे नमुने येतात, कोणी चारधामचे वर्णन देते. यंदा मंडळाने मला "काही तरी इतिहासाचे लिहा" असे सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा फार जुन्या काळात शिरण्याचे धाडस मी करीत नाही. पण वर्तमानपत्र मी रोज वाचते, आणि निवडणुकीची बातमी तर डाळीला फोडणी देता देता सुद्धा सोडीत नाही. माहेर अकोल्याचे, सासर अमरावतीचे, त्यामुळे दोन्ही शहरांचे राजकारण मला घरच्यासारखे झाले आहे. म्हणून महापौराच्या निवडणुकीचा इतिहास लिहावयाचे ठरविले. आपल्या घरापुढचा रस्ता, नाली, दिवा ज्या सभागृहात ठरतो, त्या सभागृहाची मुख्य खुर्ची कोणाला कशी मिळते, हे आपल्याला माहीत असावे असे मला वाटते.

नगरसेवकपदाचे उमेदवार आपल्या दारी येतात. हात जोडतात, ताई-माई म्हणतात, तान्ह्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवितात. परंतु महापौरपदाचा उमेदवार म्हणून कोणी आमच्या उंबऱ्याशी मत मागायला आल्याचे मला आठवत नाही. कारण उघड आहे. महाराष्ट्रात महापौर जनता निवडीत नाही, नगरसेवक निवडतात. आमच्या गल्लीतील एक आजी २०१७ साली मत देऊन आल्या आणि मला विचारू लागल्या, "चार बटना दाबल्या वो बाई, त्यातली महापौराची कोनती होती?" आता त्यांना काय सांगावे! त्या साली आपल्याकडे एकेका प्रभागातून चार-चार नगरसेवक निवडावयाचे होते. चारही बटणे नगरसेवकांची. महापौराचे बटण यंत्रावर नव्हतेच.

'महापौर' हा शब्द आपल्याला स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिला. पद मात्र इंग्रजांकडून आले. मुंबईची महापालिका १८७२ सालची. सर फिरोजशहा मेहता तिचे अनेकदा अध्यक्ष झाले, पण तेव्हा 'अध्यक्ष' हेच नाव होते. महापौर हे नाव आले ते १९३१ पासून. पद एका वर्षाचे असे. पक्षापक्षांची आजच्यासारखी ओढाताण त्या काळी नव्हती. एक वर्ष हिंदू, एक वर्ष पारशी, एक वर्ष मुसलमान, एक वर्ष ख्रिस्ती, अशी पाळी ठेवण्याचा प्रघात होता. आपल्या भिशीचा नंबर लागावा तसा हा प्रकार म्हणावयाचा. पुढे काँग्रेस पक्ष म्हणून जोराने उतरली आणि उमेदवार कोण हे पक्ष ठरवू लागला. १९४२ साली युसुफ मेहेरअली महापौर झाले. त्यांची उमेदवारी ठरली तेव्हा ते तुरुंगात होते! 'सायमन परत जा' ही घोषणा ज्यांच्या नावावर सांगतात तेच हे मेहेरअली.

मतदार तरी तेव्हा किती असणार? घराचे भाडे वा कर भरणाऱ्यांनाच मत. मुंबईत प्रत्येक प्रौढ माणसाला, म्हणजे धुणी-भांडी करणाऱ्या बाईलाही, महापालिकेचे मत मिळाले ते १९४८ च्या निवडणुकीत. सभागृहात बायका मात्र त्या आधी शिरल्या होत्या. सरोजिनी नायडू आणि आपल्या अवंतिकाबाई गोखले १९२३ पासून मुंबई महापालिकेत होत्या. अवंतिकाबाईंनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले हे पुष्कळांना ठाऊक आहे. गटारे, दवाखाने, सुईणी यांवर त्या काळी सभेत बसून पुरुषांशी वाद घालणे किती कठीण गेले असेल, याचा विचार फार कमी जण करतात.

त्यानंतर १९५६ साल उजाडले. हे साल आपण वऱ्हाडकरांनी विशेष लक्षात ठेवावे. तोवर वऱ्हाड मध्य प्रदेशात होते आणि आपली राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. त्याच १९५६ साली मुंबईच्या महापौरपदावर पहिल्यांदा एक स्त्री बसली. त्यांचे नाव सुलोचना मोदी. म्हणजे आपण ज्या नव्या राजधानीचे झालो, तिची पहिली नागरिक त्याच साली एक बाई झाली होती. मला ही गोष्ट वाचून फार आनंद झाला. पुढे मात्र आनंद टिकत नाही. मुंबईला दुसरी स्त्री महापौर मिळाली ती १९९४ साली, निर्मला सामंत-प्रभावळकर. मध्ये अडतीस वर्षे गेली. अडतीस वर्षांत त्या खुर्चीला बाई सापडली नाही, की पक्षांनी शोधली नाही? उत्तर ज्याचे त्याने द्यावे. मी माझे देऊन ठेवले आहे.

१९५७ साली मुंबईत खरी पक्षांची झुंज झाली. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले होते, माणसे गोळीबारात पडली होती. महापालिकेच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला मागे टाकले. आचार्य दोंदे महापौर झाले, आणि १९५८ साली कॉम्रेड मिरजकर. मीरतच्या गाजलेल्या खटल्यातले आरोपी इंग्रजी अमलाखाली तुरुंगात गेले आणि स्वराज्यात मुंबईचे महापौर झाले. त्या वेळी नळ आणि नाल्या यांहून मोठा प्रश्न मतपेटीत होता, मुंबई कोणाची? तेव्हापासून महापौराची निवड ही साऱ्या राज्याने डोळे लावून पाहावयाची गोष्ट झाली. १९७१ साली डॉ. हेमचंद्र गुप्ते शिवसेनेचे पहिले महापौर झाले, तेव्हाही तसेच झाले.

आता आपल्याकडे येऊ. विदर्भात महापालिका प्रथम नागपूरला झाली, १९५१ साली. पहिले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे. ज्यांच्या नावाच्या मैदानावर मुंबईला क्रिकेटचे सामने होतात ते हेच. आपल्या अमरावतीची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली १५ ऑगस्ट १९८३ रोजी, बडनेऱ्यासह. मोठे नाव मिळाले, पण निवडणूक? ती झाली १९९२ साली. नऊ वर्षे शहराला महापालिका होती आणि महापौर नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या हाती. नव्या घराची वास्तुशांत करून नऊ वर्षे कुलूप लावून ठेवावे, तसे हे झाले.

त्या १९९२ च्या सभागृहाने डॉ. देवीसिंह शेखावत यांना पहिला महापौर निवडले. ते काँग्रेसचे, आधी अमरावतीचे आमदार राहिलेले. त्याच सुमारास त्यांच्या पत्नी प्रतिभाताई पाटील अमरावतीच्या खासदार होत्या, १९९१ पासून १९९६ पर्यंत. पुढे २००७ साली प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या आणि देवीसिंहजींना सारा देश राष्ट्रपतींचे यजमान म्हणून ओळखू लागला. नगरसेविकेच्या पाटीखाली नवऱ्याचा फोन नंबर असतो, अशी थट्टा आपण नेहमी ऐकतो. त्या थट्टेला अमरावतीने असे उत्तर देऊन ठेवले आहे. देवीसिंहजी २०२३ साली वारले.

अकोल्याची महापालिका झाली १ ऑक्टोबर २००१ ला. माझ्या माहेरच्यांना त्याचे केवढे अप्रूप! "आता आमीबी महापालिकावाले" असे माझे काका सांगत फिरत. २०१६ साली शहराची हद्द वाढली आणि भोवतालची चोवीस गावे आत आली. त्या गावांतल्या बायका सरपंचाला ओळखीत होत्या, ग्रामसभेत त्याला उभे करून विचारीत होत्या. त्यांना एकाएकी महापौर आला, आणि तो त्यांनी निवडलेला नव्हता.

ही निवड कशी होते ते आता सांगते, कारण खरी गंमत त्यातच आहे. प्रथम मुंबईला मंत्रालयात सोडत निघते. कोणत्या शहराचे महापौरपद सर्वसाधारण, कोणते अनुसूचित जातीला, जमातीला, कोणते मागासवर्गाला आणि कोणते स्त्रियांना, हे चिठ्ठीवर ठरते. पूर्वी मुदत एक वर्षाची होती, १९९९ च्या सुमारास ती अडीच वर्षांची झाली. चिठ्ठी निघाली की पक्षांची धावपळ सुरू होते. ज्याचे बहुमत स्पष्ट आहे त्याला काळजी नसते. २०१७ साली अमरावतीत ८७ पैकी ४५ नगरसेवक भारतीय जनता पक्षाचे आले, अकोल्यात ८० पैकी ४८. अमरावतीत संजय नरवणे आणि अकोल्यात विजय अग्रवाल महापौर झाले. या निवडीत उत्कंठा अशी काही नव्हती.

परंतु बहुमत कोणालाच नसेल तर? २०१२ साली अकोल्यात तसेच झाले. काँग्रेस आणि भाजप दोघेही बहुमतापासून लांब. खुर्चीवर बसल्या त्या भारिप-बहुजन महासंघाच्या ज्योत्स्ना गवई, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या साथीने. अडीच वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच सभागृहाने भाजपच्या उज्ज्वला देशमुख यांना महापौर केले. मतदार तेच, नगरसेवक तेच, मधे एकही मतदान नाही. खुर्ची मात्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. दोघी बाईच होत्या याचे मला समाधान आहे. पण माझ्या माहेरच्या गल्लीला या बदलाविषयी कोणी काही विचारले नव्हते, हेही खरे.

अशा वेळी नगरसेवकांची 'सहल' निघते. कोणी देवदर्शनाला जाते, कोणी थंड हवेच्या ठिकाणी. फोन बंद असतात. घरच्यांनाही ठाव सांगत नाहीत. निवडीच्या दिवशी गाडी थेट सभागृहाच्या दारात उभी राहते. आपण आपल्या पोरींना सहलीला पाठविताना शाळेची चिठ्ठी मागतो. इथे तर लोकांनी निवडून दिलेली थोर माणसे गुपचूप नेली जातात! सभागृहात हात वर करून मत द्यावयाचे असते. कोणाचा हात कोणासाठी वर झाला हे सर्वांना दिसते. पक्षाने काढलेला आदेश, ज्याला व्हिप म्हणतात, मोडला तर १९८६ च्या पक्षांतरविरोधी कायद्याने सभासदत्व जाऊ शकते. हा व्हिप गटनेता काढतो. म्हणून गटनेता कोण यालाही मोल येते. २०१४ च्या महापौर निवडणुकीच्या वेळी आपल्या अमरावतीतच राष्ट्रवादी काँग्रेसच्या आघाडीत खरा गटनेता कोण, यावरून तंटा झाला आणि तो थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या निवडणुकीत चरणजीत कौर नंदा महापौर झाल्या. राजकमल चौकातून निघालेली गोष्ट दिल्लीला पोहोचली, यावरून खुर्चीचे वजन ओळखावे.

मुंबईच्या २०१७ च्या निवडणुकीची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. शिवसेना तेव्हा एकच होती. राज्यात सेना आणि भाजप एकत्र सरकार चालवीत होते, मुंबईत मात्र एकमेकांविरुद्ध उभे. २१ फेब्रुवारीला मतदान झाले. एकूण जागा २२७, बहुमताला ११४ हवेत. निकाल लागला: सेना ८४, भाजप ८२, काँग्रेस ३१, राष्ट्रवादी ९, मनसे ७, समाजवादी ६, बाकी किरकोळ. असा तराजू की कोणत्या पारड्यात कोण उडी मारील याचा नेम नाही. आमच्याकडे त्या आठवड्यात जेवताना दुसरा विषय नव्हता. आमचे हे म्हणत, भाजपचा महापौर होणार. माझे म्हणणे, सेनेचा. ४ मार्चला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले की भाजप महापौरपद लढविणारच नाही. ८ मार्चला मते पडली. सेनेचे विश्वनाथ महाडेश्वर यांना १७१, काँग्रेसचे विठ्ठल लोकरे यांना ३१. ज्यांनी महिनाभर सेनेविरुद्ध भाषणे केली त्यांचेच हात सेनेच्या उमेदवारासाठी वर झाले. मी पैज जिंकले, पण मनात आले, ज्या बाईने सेना नको म्हणून भाजपला मत दिले, किंवा भाजप नको म्हणून सेनेला दिले, तिने काय समजावे?

महाडेश्वर शिक्षकी पेशातले होते, आणि त्यांच्या पत्नी पूजाताई याही नगरसेविका होत्या. 

आता स्त्रियांच्या राखीव जागांविषयी. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा ठेवल्या. १९९३ पासून चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशभर एक-तृतीयांश झाल्या. २०११ साली राज्याने त्या निम्म्या केल्या. याचा परिणाम पाहा. मुंबईत १९५६ ते १९९४ या काळात दोनच स्त्री महापौर. मग १९९७ साली विशाखा राऊत, २००७ मध्ये शुभा राऊळ, २००९ मध्ये श्रद्धा जाधव, २०१४ मध्ये स्नेहल आंबेकर, २०१९ मध्ये किशोरी पेडणेकर. पेडणेकरबाई मूळच्या परिचारिका, आणि त्या बिनविरोध निवडून आल्या. अकोल्यात सुमनताई गावंडे, अश्विनी हातवळणे, ज्योत्स्ना गवई, उज्ज्वला देशमुख, अर्चना मसने. अमरावतीत किरणताई महल्ले, वंदना कंगाले, चरणजीत कौर नंदा. 'चिठ्ठीच्या महापौर' असे म्हणून काही पुरुष हसतात. माझे त्यांना सांगणे आहे, चिठ्ठीने संधी दिली म्हणून तरी नावे दिसली. पक्षांच्या मर्जीवर सोडले तेव्हा मुंबईसारख्या शहरात अडतीस वर्षे लागली.

महापौराच्या हाती सत्ता किती, याविषयी आपला पुष्कळ गैरसमज असतो. मुंबईचा कायदा १८८८ चा आणि आपल्याला लागू असलेला १९४९ चा. दोन्हींत कारभाराची किल्ली सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे दिली आहे. पैशाची मंजुरी स्थायी समितीकडे. महापौर सभा चालवितो, शहराच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत करतो, पहिला नागरिक म्हणून मान घेतो. अमरावतीत नळाला पाणी नाही आले की आपण महापौराला बोल लावतो. पण आपल्या शहराला अप्पर वर्ध्याचे पाणी पुरविते ते राज्याचे जीवन प्राधिकरण, महापालिका नव्हे. अकोल्यात महानच्या धरणाचे पाणी महापालिका देते, तेव्हा तिथे बोल लावला तर चालेल! तरीही सभागृहात कोणता विषय आधी घ्यावयाचा, कोणाला बोलू द्यावयाचे, हे खुर्चीच ठरविते. घरात सासूच्या हाती पैसा नसला तरी तिच्या शब्दाला वजन असते, तसे हे आहे. म्हणून तर पक्ष इतके झुंजतात.

नगरपालिकांचे वेगळे आहे. तिथे नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची रीत १९७४ साली आली, मग गेली, २००१ साली पुन्हा आली, मग गेली, २०१६ साली परत आली. अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर येथील बायकांनी नगराध्यक्षाचे बटण स्वतः दाबले आहे. आपण अमरावती-अकोल्याच्या, मोठ्या शहरातल्या म्हणून मिरविणाऱ्या, आपल्याला ते बटण नाही. थेट निवडीतही त्रास आहे हे मी कबूल करते. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचे झाले की रोज भांडण, आणि कामे पडून राहतात. जाणती माणसे म्हणतात, म्हणूनच महापौर सभागृहाने निवडावा. असेल. पण सभागृहाने निवडलेला तरी कामे पडू देत नाही असे मी कोठे पाहिले नाही.

आपल्या शेजारीच थेट महापौर निवडतात. धारणीवरून पुढे गेले की बऱ्हाणपूर. तिथे माझी मावशी दिली आहे. ते शहर मध्य प्रदेशात, पण बाजारात मराठी सर्रास ऐकू येते. मध्य प्रदेशात १९९९ च्या सुमारापासून महापौर थेट जनता निवडते. मध्ये एकदा ती रीत सरकारने बदलली होती, २०२२ च्या निवडणुकीला परत आणली. त्या निवडणुकीत बऱ्हाणपूरला दोन मोठ्या पक्षांनी दोन बाया उभ्या केल्या, भाजपच्या माधुरी पटेल आणि काँग्रेसच्या शहनाज. एमआयएमचीही उमेदवार होती आणि तिला दहा हजारांवर मते गेली. माधुरी पटेल निवडून आल्या त्या अवघ्या ५४२ मतांनी. 'यांपैकी कोणी नाही' या बटणाला त्याहून जास्त मते पडली! मावशी फोनवर सांगत होती की तिच्या गल्लीत दोन्ही उमेदवार स्वतः येऊन गेल्या, एकीने तर ओट्यावर बसून चहा घेतला, आणि निकालाच्या दिवशी बायका स्वयंपाक टाकून टीव्हीपुढे बसल्या होत्या. पाचशे बेचाळीस मते म्हणजे आपल्या मंडळासारखी पाच-सहा मंडळे. त्यांतल्या प्रत्येकीला वाटले असेल की हिला मी बसविले, किंवा हिला मी पाडले.

आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे पुन्हा प्रशासकच होता. १५ जानेवारी २०२६ रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मतदान झाले. रांगेत माझ्यापुढे पहिल्यांदा मत देणारी एक मुलगी उभी होती. तिने मला विचारले, "काकू, महापौराचं मत कुठं द्यायचं?" मी तिला सांगितले, ते इथे नाही, ते आत, सभागृहात. ती म्हणाली, "मग आपण काहून नाही जात आत?"